संकासुर आणि शूरिक

गोव्यातल्या पार्शाहून मोरजीचा किनारा जवळच. तिथे दुकानांवर रशियन पाहुण्यांसाठी रशियन पाट्या दिसतात. त्या पाहुण्यांच्या देशात एक त्रिकूट घरोघरी ठाऊक आहे: भित्रा, मठ्ठ आणि मुरलेला. दिग्दर्शक लिओनिद गायदाई यांनी 1961च्या एका लघुपटात त्यांना एकत्र आणलं. 1965च्या ‘ऑपरेशन वाय’मध्ये चष्मेवाला, सरळमार्गी विद्यार्थी शूरिक त्यांच्यासमोर उभा राहिला. मठ्ठाचं काम करणारे युरी निकुलिन मूळचे सर्कशीतले विदूषक. धावपळ मूकपटांच्या धाटणीची, त्यामुळे भाषा न कळताही हसू येतं.

हसवणारी खलपात्रं आपल्यालाही नवी नाहीत; पेडणे-डिचोलीचा प्रेक्षक तर दशावतारी नाटकांवर वाढलेला. काळा पेहराव, लोंबती लाल जीभ, असा संकासुर आला की पेंगणारं पोर ताठ बसतं. वेद चोरणारा हा राक्षस गावच्या बोलीत बोलतो आणि हसवतो. लिखित संहिता नाही; संवाद तिथल्या तिथे सुचतात, गावातला ताजा विषयही त्यांत येतो. या हजरजबाबीपणासाठी मी त्या त्रिकुटापेक्षा संकासुरालाच झुकतं माप देईन.

यंदाच्या जत्रेत मुलांना दशावताराला न्या, आणि वेळेवर पोचा. संकासुर पूर्वरंगातच येतो.