आटपाट नगराची वेस

श्रावणातला शुक्रवार असावा, भिंतीवर जिवतीचा कागद लावलेला असावा, पुरणाचा वास घरभर दरवळत असावा आणि हातांत अक्षता घेऊन बसलेल्या लेकीसुनांपुढे व नातवंडांपुढे आजीने ‘आटपाट नगर होतं’ असा आरंभ करावा, हे चित्र मराठी घराला नवे नाही. नागपूर-छिंदवाडा रस्त्यावरील लोधीखेडा गावात घरची बोली मराठी आणि राज्य मध्यप्रदेशचे. तेथेही ते नवे नाही. नवा असला तर एखाद्या चौकस नातवाचा प्रश्न नवा असतो. ‘आजी, हे आटपाट नगर हाये तरी कुठं? सौंसरच्या पलीकडं, की नागपूरच्या अलीकडं?’ आजी म्हणते, ‘आधी ऐक तर खरं!’ आणि प्रश्न तेथेच मिटतो.

परंतु तो प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. जे नगर कोणत्याही नकाशावर नाही, ज्याचा पाया कोणी घातला हे कोणास ठाऊक नाही आणि तरीही ज्याच्या गल्ल्याबोळांतून लक्षावधी माणसे लहानपणी हिंडून आली आहेत, असे नगर म्हणजे आहे तरी काय? एकट्या माणसाने रचलेले स्वप्न त्याच्याबरोबर जाते. अनेकांनी मिळून पाहिलेले स्वप्न मात्र टिकते. आटपाट नगर हे असे सामाईक स्वप्न आहे, आणि त्याचा भूगोल पुष्कळ खऱ्या मुलुखांच्या भूगोलापेक्षा अधिक पक्का आहे.

वेशीच्या आत शिरले की प्रथम भेटतो राजा. त्याला दोन राण्या असतात, एक आवडती आणि एक नावडती. त्याच गावात एक गरीब ब्राह्मण राहतो, एक शेतकरी राहतो, आणि पुष्कळ सुना असलेले एक घर असते. त्या घरातली धाकटी सून बहुधा दुःखी असते. वेशीबाहेर पडले की रान लागते. रानात नदी किंवा तळे असते आणि त्याच्या काठी नागकन्या-देवकन्या वसा वसत असतात. जमिनीखाली, वारुळाच्या वाटेने गेले की पाताळ. सात समुद्रांच्या पलीकडे राक्षस राहतो आणि त्याचा प्राण त्याच्या देहात नसून पिंजऱ्यातल्या पोपटात असतो. कहाणी कोकणातली असो वा वऱ्हाडातली, सांगणारी सधन असो वा मोलमजुरी करणारी, या मुलुखातल्या वाटा फारशा बदलत नाहीत.

या मुलुखाला कायदाही आहे. तेथे दिलेला शब्द मोडता येत नाही, घेतलेला वसा टाकता येत नाही, आणि वैभव आले म्हणून उतता-मातता येत नाही. नागपंचमीच्या कहाणीतील धाकट्या सुनेला माहेर नसते. शेषनागाला तिची दया येते. तो माहेरचा माणूस बनून तिला आपल्या घरी, पाताळात, घेऊन जातो. तेथे तिच्या हातून दिवा पडतो आणि नागाच्या पिलांची शेपटे भाजतात. पुढे ती पिले मोठी होऊन सूड घेण्यासाठी तिच्या घरी येतात. पाहतात तो ही बाई पाटावर त्यांचीच चित्रे काढून, माझे भाऊ खुशाल असोत अशी प्रार्थना करीत बसलेली! सूड तेथेच विरतो. अशी कहाणी ऐकून मोठी झालेली मुलगी उद्या परक्या घरी जाणार असते. नात्यावाचून कोणी नसते, नाते जोडता येते, हा धीर तिला या काल्पनिक मुलखातून मिळतो.

चार्ल्स किंकेड या इंग्रज अधिकाऱ्याने १९१४ साली या कहाण्या ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ या नावाने इंग्रजीत आणल्या. त्या पुस्तकाला चित्रे काढली होती महादेव विश्वनाथ धुरंधर यांनी. किंकेडने आरंभीचे वाक्य असे घेतले की, एके काळी आटपाट नावाचे एक गाव होते. मराठी कानाला हे थोडे गमतीचे वाटते. ‘आटपाट’ हे एखाद्या गावाचे ठराविक नाव नाही, कोणत्याही कहाणीतल्या नगराला लागणारे ते विशेषण आहे. परंतु परक्या माणसाची ही चूक एका अर्थी खरी ठरते. इतक्या कहाण्या ज्या एकाच नगरात घडतात, त्या नगराला अखेरीस नाव पडल्यावाचून राहत नाही.

आटपाट नगर कोठेच नाही, म्हणून ते कोठेही असू शकते. याच्या उलट काही कथा जमिनीला घट्ट धरून बसतात. लोधीखेड्याच्या रहिवाशाला त्यांची उदाहरणे शोधण्यासाठी लांब जावे लागत नाही. हे गाव २०२३ सालापर्यंत छिंदवाडा जिल्ह्यात होते. त्या वर्षी पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला आणि ते त्यात गेले. जुन्या जिल्ह्याच्या उत्तर भागात, तामियाच्या बाजूला, पाताळकोट नावाची प्रचंड दरी आहे. घोड्याच्या नालाच्या आकाराचे उभे कडे, खाली बाराशे ते पंधराशे फूट खोल उतरलेली जमीन, तीत भारिया व गोंड लोकांची गावे. रावणपुत्र मेघनाद शिवाची आराधना करून याच वाटेने पाताळात गेला, अशी तेथील समजूत आहे. कहाणीतले पाताळ वारुळातून जाते. हे पाताळ डोळ्यांना दिसते आणि पायांनी उतरता येते.

आणि या प्रदेशात कथालोक एकच नाही. ज्या देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंदने, नागपूर वसविले, त्याच्या लोकांचा स्वतःचा एक विस्तीर्ण पुराणलोक आहे. त्यात लिंगो हा संस्कारक पुरुष आहे, गुहेत कोंडलेले देव आहेत, आणि त्यांच्या सुटकेची दीर्घ गाथा आहे. परधान गायक ती पिढ्यान् पिढ्या गात आले. नागपूरच्या स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने ती परधानाकडून मिळविली. १८६३ साली हिस्लॉप पाण्यात बुडून मरण पावला आणि त्याचे कागद रिचर्ड टेंपल याने १८६६ साली प्रसिद्ध केले. तसे झाले नसते तरी परधान गातच राहिले असते, हे खरे. परंतु बाहेरच्या जगाला त्या लोकाची वार्ता एवढ्या लौकर लागली नसती. आटपाट नगराची शेजारीण म्हणावी अशी ही सृष्टी आहे. वाटा वेगळ्या, देव वेगळे, भाषा वेगळी; पण एकाने सांगावे, अनेकांनी ऐकावे आणि त्यांतल्याच कोणी तरी पुढे सांगावे, ही रीत एकच.

या रीतीचे मोल तिच्या अभावी अधिक कळते. इंग्लंडातील हॉवर्थ या खेड्यात पाद्री ब्राँटे यांची चार मुले राहत असत. १८२६ साली वडिलांनी बारा लाकडी शिपाई आणले आणि त्या खेळातून त्या भावंडांनी देशच्या देश रचले. शार्लट व ब्रॅनवेल यांनी पुढे अँग्रिया नावाचे राज्य उभारले. एमिली व ॲन या दोघींनी गोंडल नावाचे बेट निर्माण केले. (गोंडल व गोंड या नावांतील साम्य हा निव्वळ योगायोग.) त्या बेटाला राजे होते, युद्धे होती, इतिहास होता. १८४८ साली एमिली गेली, १८४९ साली ॲन गेली. गोंडलचा गद्य इतिहास आज उपलब्ध नाही; राहिल्या आहेत त्या त्या लोकातील माणसांच्या मुखी घातलेल्या कविता. दोघींच्याच मालकीचा मुलूख दोघींबरोबर मावळला. तिसऱ्या माणसाने ती कथा ऐकून पुढे सांगावी, असे कोणी नव्हतेच.

ऐकणारा नसला म्हणजे काय होते, याची सर्वांत जुनी गोष्ट मात्र महाराष्ट्राच्याच अंगणातली आहे. सोमदेवाने अकराव्या शतकात काश्मीरमध्ये रचलेल्या ‘कथासरित्सागरा’त ती येते. प्रतिष्ठानच्या, म्हणजे पैठणच्या, सातवाहन राजाच्या दरबारी गुणाढ्य नावाचा पंडित होता. एका पैजेपायी त्याने संस्कृत, प्राकृत व देशी या तिन्ही भाषा सोडल्या आणि तो विंध्याच्या अरण्यात गेला. तेथे त्याला काणभूती नावाच्या पिशाचाकडून विद्याधरांच्या अद्भुत लोकाची कथा मिळाली. ती त्याने पैशाची भाषेत सात लक्ष श्लोकांत लिहिली व राजाकडे पाठविली. ही कसली रानटी भाषा, म्हणून राजाने ती परत लावली. तेव्हा गुणाढ्याने रानात अग्नी पेटविला. एकेक पान तो वाची आणि आगीत टाकी. भोवती हरणे, रानडुकरे चरणे विसरून डोळ्यांत पाणी आणून ऐकत राहिली. राजा तेथे आला, तोवर सहा लक्ष श्लोकांची राख झालेली होती. उरली ती फक्त एक लक्षाची कथा. तीवरून पुढे काश्मिरात, नेपाळात, जैनांच्या ग्रंथांत निरनिराळ्या लेखकांनी तोच विद्याधरांचा लोक पुन्हा पुन्हा उभा केला.

ही आख्यायिका आहे, इतिहास नव्हे. तथापि तिच्यातील दुःख खरे आहे. राजाला कथा नापसंत नव्हती. ती त्याने ऐकलीच नाही. त्याला भाषा हलकी वाटली आणि तेवढ्यावर सहा सप्तमांश जग जळून गेले.

लोधीखेड्याला ही आख्यायिका लागू पडते ती अशी. १९४८ साली आकाशवाणीचे नागपूर केंद्र सुरू झाले, त्या वेळी नागपूर आणि लोधीखेडा एकाच राज्यात होते व त्या राज्याची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. नागपूर द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात गेले. सौंसर-पांढुर्ण्याचा मराठी मुलूख मध्यप्रदेशातच राहिला. सीमेची रेघ ओढली गेली. रेघेने शेत हलत नाही, बोली बदलत नाही, नभोवाणीच्या लहरीही अडत नाहीत. भाद्रपदात भुलाबाई मांडून फेर धरणाऱ्या मुली रेघेच्या दोन्ही अंगांना असतात, आणि पोळा दोन्हीकडे एकाच अमावास्येला येतो. मग हरवते काय?

हरवतो तो श्रोता. राज्याची राजभाषा हिंदी, कचेरीची हिंदी, शिक्षणाची मुख्यत्वेकरून हिंदी. त्यात गैर काहीच नाही. मुलाला हिंदी यावी, उत्तम यावी. हिंदीचाही स्वतःचा संपन्न कथालोक आहे, आणि त्याची वेस या मुलांना उघडी आहे, हा त्यांचा लाभच होय. पण मूल शाळेतून परत येते, आजी कहाणीला आरंभ करते, आणि मुलाला ‘वसा’ हा शब्द अडतो. मग ‘नावडती’ अडते, मग ‘वारूळ’ अडते. दोनचार वेळा असे झाले की आजी सांगणे सोडते. भांडण होत नाही, बंदी येत नाही, पुस्तक जळत नाही. एका घरातले आटपाट नगर तेवढे ओस पडते.

आणि हे नगर किती काळचे आहे! पांढुर्ण्याच्या शेजारीच अमरावती जिल्हा लागतो. तेथील ऋद्धिपुरात तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. त्यात काउळा आणि साळई यांची, शेणाच्या व मेणाच्या घराची गोष्ट आहे. मराठी मूल घास भरवून घेताना काऊचिऊची जी गोष्ट आजही ऐकते, ती तिचीच नात. सातशेहून अधिक वर्षे ती एका तोंडातून दुसऱ्या कानात जात आली. मधली एक पिढी गप्प बसली असती, तर ती पोथीत राहिली असती. घासाबरोबर मुलाच्या पोटात गेली नसती.

श्रावणातल्या आदितवारची, आदित्यराणूबाईची, कहाणी पुष्कळ श्रोत्यांना आठवत असेल. ब्राह्मण आपल्या थोरल्या लेकीकडे, जी राणी झालेली असते, कहाणी सांगायला जातो. ती म्हणते, मला ऐकायला वेळ नाही, राजा शिकारीला निघाला आहे. धाकटी प्रधानाच्या घरी दिलेली असते. ती बसून ऐकते. पुढे थोरलीला दारिद्र्य येते. तिचे मुलगे मावशीकडून कोहळ्यात, काठीत, नारळात भरलेल्या मोहरा घेऊन निघतात, आणि वाटेतच त्या नाहीशा होतात. दैव दिलेले टिकत नाही, कारण ऐकायचे ते ऐकलेले नसते. अखेरीस ती धाकट्या बहिणीकडे बसून मनोभावे कहाणी ऐकते आणि तिचे दिवस पालटतात. मग तीच राणी प्रवासात उपाशी माणसे शोधून त्यांना कहाणी सांगत जाते. माळ्याच्या कोरड्या मळ्याला पाणी लागते, म्हातारीचे गेलेले मुलगे परत येतात.

या कहाणीत थोरलीचा अपराध मोठा नव्हता. तिने कोणाला छळले नाही, खोटे बोलली नाही. तिला वेळ नव्हता, इतकेच. लोधीखेड्यात काय, नागपुरात काय, पुण्यात काय, आजच्या घराचा अपराधही याहून मोठा नाही. आणि त्यावरचा उपायही त्याच कहाणीत आहे, फार खर्चाचा नाही. जेवणे आटोपल्यावर कोणी तरी सांगावे, कोणी तरी मधून मधून ‘हूं’ म्हणावे. अडलेल्या शब्दाशी थांबावे. वारूळ गावाबाहेर जाऊन दाखवावे, वसा म्हणजे काय ते हिंदीत सांगावे लागले तर हिंदीत सांगावे, आणि पुन्हा कहाणीकडे वळावे.

नातवाने मग पुन्हा विचारले, आटपाट नगर कुठे आहे, तर आजीला सांगता येईल की बाळा, हे काय, वेशीतच तर बसलो आहोत. तू ‘हूं’ म्हण, म्हणजे आत जाऊ.