रकान्याला नाव कोणी द्यावे?



आजचा विषय पाहून आपणांपैकी पुष्कळांनी भुवया उंचावल्या असतील. संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये वस्तूंना नावे कशी देतात आणि ती नावे कोठाराच्या रकान्यांशी कशी जुळवितात, हा प्रश्न युनियनच्या माणसाने व्याख्यानमालेत कशाला काढावा? आम्ही संगणकाच्या शाळेत गेलेलो नाही. या विषयाकडे आम्हांला वळविले ते कमी केलेल्या कामगारांच्या एका यादीने. त्या यादीकडे येण्यापूर्वी थोडी पूर्वपीठिका सांगणे भाग आहे.

माहिती साठविण्याची आजची प्रचलित रीत म्हणजे तक्ते. उभे रकाने, आडव्या ओळी. आपला हजेरीपटच म्हणा. एडगर कॉड या गणितज्ञाने 1970 साली या रीतीला शास्त्राची बैठक दिली. प्रोग्रॅम लिहिणारे मात्र अलीकडे तक्त्यांत विचार करीत नाहीत. ते ‘ऑब्जेक्ट’मध्ये विचार करतात. ‘कामगार’ ही एक वस्तू. तिला नाव आहे, वेतन आहे, कामाचे दिवस आहेत, आणि ‘रजा दे’ म्हटले की रजा देण्याची कृतीही तिच्याच अंगी आहे. आता वस्तू एकीकडे आणि तक्ता दुसरीकडे, म्हणून वस्तूचा कोणता गुण कोणत्या रकान्यात जाऊन बसेल हे ठरवून द्यावे लागते. त्याला ते ‘मॅपिंग’ म्हणतात. आम्ही ‘जुळवणी’ म्हणू.

येथे नावांचा घोळ सुरू होतो. प्रोग्रॅममध्ये दोन इंग्रजी शब्द सलग जोडून दुसऱ्याचे आद्याक्षर मोठे काढतात. तक्त्यात तसे चालत नाही, कारण तक्त्यांची भाषा साधारणतः लहान-मोठ्या अक्षरांचा भेद मानीत नाही. तेथे शब्दांमध्ये आडवी रेघ घालतात. (आपल्या देवनागरीत लहान-मोठे अक्षर नाहीच, तेव्हा हा तंटा आपल्याकडे उद्भवलाच नसता!) शिवाय ऑरॅकलच्या जुन्या आवृत्त्यांत नाव तीस अक्षरांपलीकडे जाऊ शकत नसे. मग शब्दांतील स्वर गाळायचे, आद्याक्षरे ठेवायची, आणि दहा वर्षांनी त्याचा अर्थ कोणालाच लागू नये अशी व्यवस्था करायची.

यावर प्रोग्रॅमरांनी तोड काढली ती संकेताची. नावे ठराविक नियमाने ठेवा, जुळवणी यंत्र आपोआप करील. 2004 साली निघालेल्या ‘रुबी ऑन रेल्स’ या साधनात वस्तूचे नाव एकवचनी ठेवले की यंत्र अनेकवचनी नावाचा तक्ता स्वतःच शोधते. सोय मोठी आहे, यात शंका नाही. परंतु यंत्र नाव जुळते की नाही एवढेच पाहते. अर्थ जुळतो का, हे पाहणे त्याचे काम नव्हे.

आता ती यादी. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात पगाराचा प्रोग्रॅम नवा आला, आणि त्यानंतर सहा महिन्यांनी हंगामी कामगारांना कमी करण्यात आले. त्यांपैकी 17 जणांचे वर्षाचे 240 दिवस भरले नाहीत, सबब नोटीस नाही आणि भरपाईही नाही, असे व्यवस्थापनाने कळविले. त्या वेळी लागू असलेल्या 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात 240 दिवसांची ही अट होती. मात्र पगारी रविवार आणि सुट्ट्या त्या दिवसांत धरल्या पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने एका बँकेच्या कामगारांच्या खटल्यात 1985 सालीच सांगून ठेवले होते.

आम्ही त्या 17 जणांच्या पगाराच्या चिठ्ठ्या घेऊन बसलो. एकाची हजेरी 228. पगारी सुट्ट्या धरता दिवस होत होते 271. कारखान्याच्या संगणक खात्यातील एका तरुण मुलाने, त्याचे नाव आम्ही घेणार नाही, आम्हांला दाखविले ते असे. जुन्या तक्त्यात दोन रकाने होते. ‘वर्क डेज’ म्हणजे फाटकावर कार्ड दाखविल्याचे दिवस, आणि ‘पेड डेज’ म्हणजे पगार दिल्याचे दिवस. नव्या प्रोग्रॅमच्या ‘कामगार’ वस्तूतही ‘वर्क डेज’ हा गुण होता. लिहिणाऱ्याच्या मनात तेथे कायद्यातला कामाचा दिवस होता. नाव तेच म्हणून यंत्राने दोहोंची गाठ मारून दिली. नावे वेगळी असती तर प्रोग्रॅम अडला असता आणि कोणीतरी विचारले असते. तो अडला नाही, यातच सारे आले.

कोणी लबाडी केली असे आम्हांला आढळले नाही, हे सांगितले पाहिजे. तडजोडीत 11 जणांना नोटीस-पगार व भरपाई मिळाली. चौघांचे दिवस खरोखरच भरत नव्हते. उरलेले दोघे तोवर गाव सोडून गेले होते; त्यांचा पत्ता आम्हांला लागला नाही.

अशा चुका मोठ्यांच्याही हातून होतात. नासाचे मंगळाकडे धाडलेले एक यान 1999 च्या सप्टेंबरात नष्ट झाले. एका प्रोग्रॅमने दिलेले आकडे पौंडाच्या मापातले होते, दुसऱ्याने ते न्यूटनचे समजून घेतले.

आणखी एक गोष्ट सांगतो, ती आम्हांला फार उशिरा कळली. वस्तूंच्या या प्रोग्रॅमिंगचा उगम नॉर्वेत, ऑस्लो येथे झाला. ओले-योहान दाल आणि क्रिस्टन नीगोर या दोघांनी 1960 च्या दशकात ‘सिम्युला’ ही भाषा घडविली. त्यांतले नीगोर पुढे 1970 नंतर लोखंड व धातू कामगारांच्या युनियनबरोबर कामाला लागले. यंत्राने कामगाराचे काय होणार, हे कामगारानेच अभ्यासावे, अशी त्यांची धारणा होती. 1975 साली तेथील कामगार महासंघ आणि मालक यांच्यात करार झाला, आणि संगणकयोजनेची माहिती कामगारांना वेळेवर, तज्ज्ञ नसलेल्यालाही समजेल अशा भाषेत देणे मालकांवर बंधनकारक झाले.

आम्ही आमच्या तडजोडीत एवढेच मागितले की, हजेरी व पगाराच्या प्रत्येक रकान्याचा अर्थ मराठीत लिहून फलकावर लावावा आणि तो बदलण्यापूर्वी युनियनला विचारावे. पहिली मागणी मान्य झाली, दुसरी व्यवस्थापनाने ‘विचाराधीन’ ठेवली. फलकावर आज 23 रकान्यांचे अर्थ आहेत. चोविसाव्यापुढची जागा कोरी आहे, कारण रात्री अकराला लागून सकाळी सातला सुटणारी पाळी कोणत्या तारखेची धरायची, यावर आमचे आणि त्यांचे अजून एकमत झालेले नाही.