फोटो आज मिळणार नाहीत
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)

आदरणीय सर, बाई आणि १९७८च्या दहावीच्या मित्रमैत्रिणींनो,

मघाशी पिंपळाखाली तुम्हाला उन्हात दोनदा ओळीत उभं केलं, त्याचा खुलासा करायला मला पाच मिनिटं मिळाली आहेत.

माझ्या गळ्यातलं हे धूड म्हणजे झेनिट-ई. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यातलं. माझे मामा भिलाईच्या पोलाद कारखान्यात होते. मायदेशी परतणाऱ्या एका रशियन इंजिनिअरकडून त्यांनी ते घेतलं. निरोप समारंभाला मी हट्टाने हाच कॅमेरा आणला होता. ३६ फोटो काढले आणि रोल उलटा गुंडाळायच्या आधीच मागचं झाकण उघडलं. सगळा रोल उजेडाने गेला. तुम्हाला मात्र सांगितलं, स्टुडिओवाल्याने घालवला. ती थाप होती. त्या रोलमधले सहा जण आज आपल्यात नाहीत.

निवृत्तीनंतर कॅमेरा माळ्यावरून काढला. याला सेल लागत नाही. लाइट मीटर सेलेनियमचा, उजेडावरच चालतो. पुष्कळांचे आता थकलेत, माझा काटा अजून हलतो, हे नशीब. पण मीटर फक्त सांगतो, करत काहीच नाही. काटा बघून चकती जुळवायची आणि आकडे स्वतःच्या हाताने लावायचे. शटरचे ठरीव वेग पाचच, तीसपासून पाचशेपर्यंत. फोकस करताना लेन्स पूर्ण उघडी, मग कडं फिरवून ती बारीक करायची. तेवढं विसरलात की भर उन्हातला फोटो पांढराफटक! मुलगा म्हणतो, बाबा, एवढ्या वेळात मोबाइलवर पन्नास फोटो होतात. होतात की.

खरी गंमत या हेलिऑस लेन्सची. जर्मनीच्या झाइस कंपनीच्या बायोटार लेन्सवरून सोव्हिएत लोकांनी ती बेतली. पूर्ण उघडी ठेवून झाडापुढे माणूस उभा करा, मागची पानं भोवऱ्यासारखी गरगरलेली दिसतात. हा लेन्सचा दोषच, पण हौशी लोक नेमके त्यासाठीच ती शोधतात आणि नव्या डिजिटल कॅमेऱ्यांनाही लावतात. बाई, तुमचा एकटीचा फोटो मी तसाच काढलाय. मागे पिंपळ होता.

बाकीचे फोटो साधे आहेत. रोल धुऊन आला की प्रत्येकाला प्रत मिळेल. आणि काळजी करू नका, झाकणावर सौ.ने सकाळीच चिकटपट्टी लावली आहे.