आमची नावे आणि आडनावे
(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



हजेरीपटावर नावे लिहिण्यात आमची हयात गेली. नाव उच्चारताच मुलगा ‘हजर’ म्हणतो, एवढ्यावर शिक्षकाचे काम भागते. परंतु ते नाव त्याच्यापर्यंत कोठून आले, हे त्यालाही ठाऊक नसते आणि पुष्कळदा त्याच्या वडिलांनाही नसते. म्हणून आज या विषयावर चार शब्द बोलण्याचे आम्ही योजिले आहे.

आरंभ आपल्या नर्सीच्या घरापासूनच करू. नामदेवरायांचे पिते दामाशेटी, माता गोणाई, पत्नी राजाई. नारा, विठा, गोंदा आणि महादा हे चार पुत्र. लाडाई, गोडाई, येसाई आणि साखराई या सुना. लिंबाई ही कन्या आणि आऊबाई ही भगिनी. ही नावे नुसती वाचली तरी त्या घराची रीत कळते. नारायणाचा नारा, विठ्ठलाचा विठा, गोविंदाचा गोंदा, महादेवाचा महादा. देवाचे नाव ठेवावयाचे आणि हाक मात्र घरगुती मारावयाची! स्वतः नामदेवही अभंगात ‘नामा’च होतात. पंढरीच्या वारकऱ्याच्या घरी एक मुलगा महादेवाच्या नावाचा असावा, याचे आपणांस नवल वाटावयास नको; औंढ्याचा नागनाथ नर्सीहून दूर नाही. ‘शेटी’ हा शब्द संस्कृत ‘श्रेष्ठी’वरून आला असून तो व्यापारी घराचा मान दाखवितो. आणि स्त्रियांची नावे पाहा. सासू ‘आई’, सून ‘आई’, मुलगीही ‘आई’! धाकट्या सुनेच्या नावालाही हा आदराचा प्रत्यय जोडणारे ते घर होते. हल्ली दोन अक्षरी, अर्थ विचारला तर आईबापांनी एकमेकांकडे पाहावे, अशी नावे ठेवण्याची चढाओढ लागली आहे. आमचा त्यास विरोध नाही. परंतु येसाई, राजाई ही नावे एकाही पाळण्यात ऐकू येऊ नयेत, याची खंत वाटते.

आता आडनावांकडे वळू. परंपरेने नामदेवरायांचे आडनाव रेळेकर सांगितले जाते. जन्म नर्सीचा, मग आडनाव नर्सीकर का नाही? याचे उत्तर फार बोधक आहे. गावात राहणाऱ्यास गावाच्या नावाने कोणी ओळखीत नाही. सेनगावात सगळेच सेनगावचे. तेथे ‘सेनगावकर’ म्हणून कोणाला हाक मारणार? तो माणूस वसमतला किंवा कळमनुरीला जाऊन दुकान मांडतो, तेव्हा तेथील लोक त्याला सेनगावकर करतात. म्हणजे ‘कर’ हा प्रत्यय गाव सोडल्याची खूण आहे. आपल्या समाजात खटावकर, मिरजकर अशी आडनावे विपुल आढळतात, याचे कारण आपल्या धंद्यात आहे. शेतकरी जमिनीला बांधलेला असतो. शिंप्याची कात्री आणि सुई कोठेही नेता येते. बाजारपेठ, यात्रा, छावणी जेथे असेल तेथे शिवणकाम असते. हिंगोलीस हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती, हे आपणांस माहीत आहेच.

आपल्याच जिल्ह्यात शेजारी ‘वार’ने संपणारी आडनावे आढळतात. तेलुगूत ‘वारु’ हा आदरार्थी शब्द ‘अमक्या घरचे लोक’ या अर्थाने लागतो. त्याचेच हे रूप. तिकडे घर सांगतात, इकडे गाव सांगतात, इतकाच भेद.

मात्र केवळ ध्वनीवरून अर्थ लावण्याचा मोह टाळला पाहिजे. पतंगे म्हटले की मुलांना आकाशातला पतंग दिसतो. परंतु कापडाचा व्यवहार जाणणाऱ्यास पतंग नावाचे लाल रंग देणारे लाकूडही आठवेल. नामदेवांचे गुरू विसोबा खेचर यांच्या नावावर तर अजाण माणसे हसतात. ‘ख’ म्हणजे आकाश आणि तेथे संचार करणारा तो खेचर, हा अर्थ कळला म्हणजे हसू आपोआप थांबते.

येथवरचा विषय मौजेचा झाला; यापुढचा पोटाशी निगडित आहे. निजामी राजवटीत, म्हणजे १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत, आपल्याकडील सरकारी दप्तर उर्दूत असे. उर्दू लिपीत ‘ळ’ नाही, ‘ण’ नाही आणि ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहीत. त्यामुळे रेळेकरांचे रेलेकर झाले, गोणाईची गोनाई झाली. पुष्कळ ठिकाणी आडनाव लिहिलेच जात नसे. ‘अमका वल्द तमका’, म्हणजे तमक्याचा मुलगा, एवढ्यावर काम भागे आणि पुढे धंद्याचे नाव ‘दर्जी’ असे पडे. मराठीत आपण शिंपी, गुरुग्रंथसाहिबातील पदांत नामदेव स्वतःस छीपा म्हणवितात आणि दप्तरात दर्जी! पुढे इंग्रजी अक्षरांनी तीच मोडतोड केली. त्या लिपीतही ‘ळ’ नाहीच. आता संगणकावर इंग्रजीवरून पुन्हा मराठी करताना मूळ अक्षर परत येत नाही.

जातवैधता प्रमाणपत्रासाठी इतर मागासवर्गीयांस १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा द्यावा लागतो. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर रेलेकर, वडिलांच्या दाखल्यावर रेळेकर आणि मुलाच्या गुणपत्रिकेवर तिसरेच काही, असे झाले की एक अक्षर प्रवेशाच्या आड उभे राहते. म्हणून घरातील जुना कागद, मग तो उर्दूत असो वा मोडीत, रद्दीत घालू नका. तो जाणत्याकडून वाचवून घ्या व त्याचे प्रमाणित भाषांतर करवून ठेवा. मुलाला शाळेत घालतानाच आडनाव तपासून पाहा. दहावीनंतर धावपळ करण्यात वेळ आणि पैसा दोन्ही जातात.

शेवटी भगिनींसाठी एक गोष्ट. १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या बालकाच्या नावात, शासनाच्या निर्णयानुसार, आधी बालकाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव येते. गोणाईच्या नर्सीत या निर्णयाचे स्वागतच व्हावे. परंतु आपल्याकडे लग्नात तांदळाच्या ताटात वधूचे नाव बदलण्याची चाल आहे. तिच्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, शिधापत्रिकेवर सासरचे. मग बाळाच्या नावात कोणते घालावे? ताटात नवे नाव लिहावयाचे असेल तर खुशाल लिहा. परंतु जन्मनोंदणीच्या अर्जावर तिचे दाखल्यावरील नावच घाला आणि तो अर्ज तिच्याकडून एकदा वाचून घेतल्याशिवाय कार्यालयात देऊ नका.