"कशाला पाहिजे?"

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी खिळे-स्क्रूंवर भाषण, याचे काहींना हसू येईल. पण नळ रात्रभर ठिबकत राहिला म्हणजे झोप कुणाची मोडते? आपलीच ना? म्हणून आज हार्डवेअरच्या दुकानाविषयी चार शब्द बोलणार आहे.

लग्न होऊन मी पुण्यात रविवार पेठेत आले. बोहरी आळी तेथून हाकेच्या अंतरावर. बिजागऱ्या, कडी-कोयंडे, दोर, रंग, मागाल ते तेथे मिळे. आमच्या नेहमीच्या दुकानात एक चाचा बसत. पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी विचारले, "घरात पुरुषमाणूस नाही का?" मी म्हटले, "आहेत ना. पण नळ मी दुरुस्त करणार आहे." त्यानंतर तो प्रश्न त्यांनी पुन्हा कधी विचारला नाही. विचारीत ते एवढेच, "बाई, कशाला पाहिजे?"

मोरीच्या दारासाठी लोखंडी स्क्रू मागितले, तर म्हणाले, "गंजतील. पितळी न्या. आणि सहाच न्या, डझन कशाला?" नवा नळ घ्यायला गेले, तर हातावर एक वायसर ठेवला आणि आधी वरचा कॉक बंद करायला बजावले. गिझरसाठी वायर मागितली, तेव्हा गिझर किती वॅटचा हे कळल्याशिवाय त्यांनी वायरीला हात लावला नाही. दिव्याची बारीक वायर गिझरला लावली तर तापून जळते, हे मी त्या दिवशी शिकले.

पुढे चाचा गेले, मुलांनी दुसरे व्यवसाय धरले, दुकान बंद झाले. आम्हीही कोथरूडला राहावयास आलो.

गेल्या वर्षी मोरीचा नळ बदलावयाचा होता. मी हुशारीने टेप लावून आट्यांची जाडी मोजली. ती भरली साधारण २१ मिलिमीटर. फोनवर २० मिलिमीटरचा नळ दिसला, तो मागवला. तो बसेना! मग कळले, की आपला नेहमीचा अर्धा इंची नळ १५ मिलिमीटरचा म्हणून विकतात, आणि बाहेरून मोजला तर तो २१ भरतो. २० म्हणजे पाऊण इंची. चूक माझीच होती. पण चाचांनी मापच विचारले नसते. "जुना नळ काढून आणा," एवढेच म्हणाले असते.

दुकानदारांना नावे ठेवणे सोपे आहे. परंतु आपणही विचार करू या. दुकानात उभे राहून अर्धा तास माहिती विचारावयाची, आणि घरी येऊन तीच वस्तू फोनवर दोन पैसे स्वस्त मागवावयाची, हे आपल्यापैकी किती जणींनी केले आहे? मी केले आहे. अशाने जाणता माणूस गल्ल्यावर कसा टिकावा? त्यात वस्तूही बदलल्या. पुष्कळ नव्या नळांत वायसर नसतो. आतला कार्ट्रिजच बदलावा लागतो, आणि तो त्याच बनावटीचा मिळाला नाही तर अख्खा नळ टाकावा लागतो. म्हणून नळ घेतानाच विचारावे, "याचा सुटा भाग मिळतो का?"

माझ्या दोन सूचना आहेत. आपल्या भागात असे जाणते दुकानदार अजून आहेत. जेथे सल्ला घ्याल, तेथेच वस्तू घ्या. आणि त्यांच्यापैकी एखाद्याला वर्षातून एकदा मंडळात बोलवा. पाककृतींचे वर्ग आपण हौसेने घेतो. तसा एक वर्ग वायसर बदलण्याचा, बिजागरी बसवण्याचा होऊ द्या. विजेचे काम मात्र जाणकारावरच सोपवा.

चाचांनी स्क्रू विकता विकता मला माझे घर सांभाळायला शिकवले. ते आता सुनांना आणि लेकींना, हो, आणि मुलग्यांनाही, शिकवणे आपल्याकडे आले आहे.