पाऊस, धावपट्टी आणि वैमानिकाचा निर्णय
(भाषणाचा मजकूर)



१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून निघाले आणि अहमदाबादमार्गे आपले पस मॉथ विमान घेऊन जुहूच्या मैदानावर उतरले. ही हकीकत शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. तिचा पुढील भाग मात्र क्वचितच सांगितला जातो. समुद्राकाठचे ते सखल मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जाई. म्हणून पावसाळ्यापुरता टपाल-विमानांचा मुक्काम पुण्यास हलविण्यात आला. आभाळ पाहून बेत बदलण्याचा धडा आपल्या विमान वाहतुकीने असा आरंभीच गिरविला.

आज वैमानिकाच्या हाती हवामान खात्याचा ताजा अहवाल असतो. मोठ्या विमानतळांवर दर अर्ध्या तासाने वारा, दृश्यता, ढगांची उंची, तापमान व हवेचा दाब यांची नोंद होते. पुढील तासांचा अंदाज वेगळा मिळतो. परंतु अहवाल वाचणे निराळे आणि त्यावरून निर्णय करणे निराळे. दृश्यता दोन हजार मीटर आहे, एवढे कळून भागत नाही. ती सुधारते आहे की खालावते आहे, हे पाहावे लागते. वारा पाठीमागून असेल तर उतरताना जमिनीलगतचा वेग वाढतो आणि थांबण्यास अधिक लांबी लागते. धावपट्टी ओली असल्यास ती आणखी वाढते. गडगडाटी ढगांत तर हवेचे वर उसळणारे व खाली कोसळणारे झोत शेजारीशेजारी असतात. जाणता वैमानिक त्यांना दुरूनच वळसा घालतो.

इंधनाचा हिशेबही हवामानाशीच निगडित आहे. मुक्कामापर्यंतचे इंधन, तेथे उतरता न आल्यास पर्यायी विमानतळ गाठण्यापुरते, आणि त्याउपर जेट विमानास ३० मिनिटे घिरट्या घालता येतील एवढे. मुंबईच्या पावसामुळे एखादे विमान अन्यत्र वळविले गेले की प्रवाशांच्या गैरसोयीची बातमी होते. वेळीच वळविणाऱ्याचे कौतुक मात्र कोणी छापीत नाही!

हे इंधन असूनही ते वापरण्याचा निर्णय होत नाही, तेव्हा काय घडते, हे ७ ऑगस्ट २०२० रोजी केरळातील कोळिकोड येथे दिसले. दुबईहून १९० जणांना घेऊन आलेले विमान पठारावरील धावपट्टीवर भर पावसात उतरत होते. पहिला प्रयत्न सोडून द्यावा लागला. काचेवरील वायपर बिघडला होता. दुसऱ्या खेपेस वारा पाठीमागून होता. जवळजवळ निम्मी धावपट्टी मागे पडल्यावर चाके टेकली. विमान टोकापलीकडे जाऊन खाली कोसळले. २१ जण मृत्युमुखी पडले. सहवैमानिकाने पुन्हा वर जाण्याची सूचना दिली होती, असे चौकशी अहवाल सांगतो. दुसऱ्या दिवशी सकाळच्या फेरीसाठी कोळिकोडलाच पोहोचण्याची ओढ त्या निर्णयामागे होती, असाही त्याचा निष्कर्ष आहे. पुलावरून पाणी वाहत असताना गाडी पुढे घालणाऱ्या चालकाची ही मनःस्थिती आपल्या खेड्यापाड्यांनाही अपरिचित नाही.

म्हणूनच वैमानिकांना आपल्या मर्यादा उड्डाणापूर्वीच ठरविण्यास शिकवितात: दृश्यता अमुक आकड्याखाली गेली तर उतरायचे नाही, इंधन अमुक पातळीवर आले की वळायचे. आणि उतरण्याच्या अखेरच्या क्षणी सहवैमानिकाने ‘वर चला’ म्हटले, तर त्यावर वाद घालायचा नाही. आधी विमान वर न्यायचे, कारण मागाहून विचारायचे.