रंगाच्या आदल्या दिवशी

नवरात्र सरत आलं की घरोघरी बोलणं सुरू होतं, यंदा दिवाळीआधी घराला रंग काढायचा. शेडकार्ड येतं, कुठल्या खोलीला कुठला रंग यावर दोन-दोन संध्याकाळी जातात. आज मला रंगाच्या आदल्या दिवसाबद्दल बोलायचं आहे. त्या दिवशी सोडा, ॲसिड आणि ब्लीच घरात येतं, आणि त्यांच्याबद्दल कुणी दोन मिनिटंही बोलत नाही.

स्वयंपाकघरापासून सुरुवात करू. ओट्यामागच्या भिंतीवरून बोट फिरवून पाहा. पिवळट, चिकट थर हाताला लागेल. वर्षभराच्या फोडण्या तिथं साठलेल्या असतात. या थरावर कितीही महागाचा रंग लावला, तरी तो भिंतीला न धरता तेलाला धरतो. पुढे पापुद्रे सुटतात आणि आपण रंगाऱ्याला बोल लावतो.

या तेलावर उतारा धुण्याच्या सोड्याचा. सोड्याच्या पाण्यानं तेलाचा साबण होऊ लागतो आणि तो पाण्याबरोबर निघून येतो. अर्धी बादली कोमट पाण्याला दोन मोठे चमचे सोडा पुरतो. ऑइलपेंटची भिंत स्पंजनं खालून वर पुसत जावी. वरून सुरुवात केली तर कोरड्या भिंतीवर ओघळ उतरतात आणि त्यांचे डाग राहतात. मग स्वच्छ पाण्यानं दोनदा पुसावी, कारण मागे राहिलेला सोडा नव्या ऑइलपेंटलाही धरू देत नाही. शेवटी पाण्याचा शिंतोडा मारून पाहावा. पाणी थेंबाथेंबानं उभं राहिलं तर तेल अजून आहे. सपाट पसरलं तर भिंत तयार झाली. ती पूर्ण सुकल्यावरच पॉलिश पेपर, लांबी आणि प्रायमर यांचं काम. भिंत चुन्याची किंवा साध्या डिस्टेंपरची असेल, तर धुण्याऐवजी तो थर खरवडूनच काढावा लागतो.

रसायन कुठलंही असो, हातात घेण्याआधी एक प्रश्न विचारावा : हे काय खातं?

सोडा तेल खातो, पण तो ॲल्युमिनियमही खातो. सोड्याच्या पाण्यात पडून राहिलेलं पातेलं काळं पडतं, हे आपल्या आयांना चांगलं ठाऊक होतं. स्लायडिंग खिडकीच्या पट्टीवर सोड्याचे थेंब उडाले तर लगेच पुसून घ्यावेत.

ॲसिड चुना खातं. लादीवर वाळून बसलेलं सिमेंट त्यानं सुटतं, म्हणून लोक ते सगळीकडे ओततात. मीही ओतलं होतं. आमच्या जुन्या घराच्या मागच्या पडवीत शहाबादी फरशी होती. ॲसिड पडताच पांढरा फेस फसफसत वर आला. वर्षानुवर्षांचा मळ निघतोय अशा समाधानात मी आणखी ओतलं. पाणी मारून तळवा फिरवला, तेव्हा पिढ्यांच्या पावलांनी गुळगुळीत झालेली ती फरशी खरखरीत लागली. तो फेस मळाचा नव्हता, दगडाचा होता. शहाबादी, कोटा, संगमरवर हे सगळे चुन्याचे दगड. ॲसिडमध्ये दगडच विरघळतो आणि कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे निघतात. त्या खरखरीत फरशीवर पुढे मळ आणखीच बसू लागला.

ब्लीचनं ओलीच्या भिंतीवरची काळी बुरशी मरते. पण ॲसिडनं डाग गेला नाही म्हणून त्याच जागी ब्लीच ओतलं, की क्लोरीन वायू सुटतो. संडास धुण्याच्या कित्येक द्रवांतही ॲसिडच असतं, हे विसरू नका. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्रजवळ जर्मन सैन्यानं युद्धात सोडला, तो हाच वायू. हवेपेक्षा तो सुमारे अडीचपट जड, म्हणून खंदकांत उतरून बसला. आपल्या न्हाणीघरातही तो जमिनीलगतच साठतो. खाली बसून फरशी घासणाऱ्या बाईचं तोंड नेमकं त्याच उंचीवर असतं.

म्हणून एका वेळी एकच रसायन वापरा, आणि तेही दारं-खिडक्या उघड्या ठेवून. पातळ करायचं तर ॲसिड पाण्यात ओतावं, ॲसिडमध्ये पाणी कधीही ओतू नये. उरलेलं द्रव पिण्याच्या पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवू नये. ॲसिडच्या किरकोळ विक्रीवर सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली निर्बंध घातले आहेत. विकणाऱ्यानं घेणाऱ्याचं ओळखपत्र पाहून नोंद ठेवायची असते. अंगावर ॲसिड उडालं तर सोडा, हळद, टूथपेस्ट काही लावू नका. भिजलेला कपडा काढा, निदान वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली जागा धरा, आणि मग दवाखाना गाठा. पोटात गेलं तर उलटी करवू नका, थेट रुग्णालयात न्या.

जाता जाता शेवटचं. सोड्याच्या पाण्यात बोटं घातली की ती बुळबुळीत लागतात. भिंतीवरच्या तेलासारखं कातडीवरचं तेलही सोडा ओढून घेत असतो. आणि हे सफाईचं काम बहुतेक घरांत आपण करत नाही. रंगाऱ्याच्या हाताखालचा मुलगा करतो, नाहीतर कामाच्या मावशी करतात. दिवाळीत पाहुणे भिंतींचं कौतुक करतात, तेव्हा हे काम करणाऱ्यांच्या बोटांची सालं निघत असतात. रबरी हातमोज्यांचा जोड आणि डोळ्यांवर लावायचा साधा चष्मा रंगाच्या खर्चात सहज बसतो. शेडकार्ड घरी येईल त्याच दिवशी तेही आणा. बाटलीवरची सूचना त्यांना वाचून दाखवा. हे काय खातं, हा प्रश्न भिंतीसाठी विचाराल, तसाच त्यांच्या हातांसाठीही विचारा.